मोटारीच्या दारांतला आवाज

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक ठराव आला, तो असा कीं मोटारींत नवे स्पीकर बसवावे. सूचक अर्थात् चिरंजीव, अनुमोदक आमचे धाकटे बंधू. मूळचे स्पीकर सहा वर्षांत चिरके झाले होते, हें आम्हांसही कबूल होतें. पण विरोध ती. अप्पांचा होता आणि तो डावलण्यासारखा नव्हता. अप्पांस ब्याऐंशी वर्षें झालीं, कानाला यंत्र आहे. मीरा रोडहून पुण्यास जातांना कीर्तन ऐकत जावें ही त्यांची संवय. अलीकडे मात्र "आवाज येतो, शब्द येत नाहींत," असें म्हणून ते ऐकणेंच सोडूं लागले होते. नव्या स्पीकरांनीं धडधड तेवढी वाढेल, अशी त्यांची भीति.

ही भीति निराधार नाहीं. उतारवयांत ऐकूं येईनासे होतात ते प्रथम उंच पट्टीचे ध्वनि. आणि स, श, फ, त यांची ओळख त्या उंच ध्वनींतच असते. खर्ज वाढविला तर तीं अक्षरें अधिकच झांकलीं जातात. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, सर्व पैसा पुढील दोन दारांत घालावा आणि डिकींत बसवावयाचा खर्जाचा पेटारा (ज्यांत चिरंजीवांचा जीव गुंतला होता) तूर्त नको. दारांत साडेसहा इंची स्पीकर, आणि उंच सुरांचा लहान ट्वीटर वेगळा, वर आरशाजवळ.

काशिमीरा नाक्याजवळील एका दुकानीं गेलों. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट छापलेलें. वाचकहो, त्या आंकड्यास भुलूं नये. तो क्षणभराच्या झटक्याचा आंकडा. सतत किती सोसेल तें 'आर. एम. एस.' म्हणून बारीक टाइपांत असतें, आमच्या खोक्यावर तें ६० होतें. शिवाय गाडींतला मूळचा स्टीरिओ एकेका स्पीकरास सतत १५ ते २० वॅटच देऊं शकतो. ओहम मात्र पाहून घ्यावे. मोटारीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. स्टीरिओस सोसतील त्याहून कमी ओहमचे लावले तर तो तापतो.

खरी गोम दारांत आहे. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो त्याच क्षणीं मागची ओढतो. दाराच्या आंतल्या पत्र्यास हात जाईल एवढालीं भोकें असतात. तेथून मागची लाट पुढें येऊन पुढचीस गिळते आणि खर्ज नाहींसा होतो. म्हणून भोकें बंद करावयाचीं, स्पीकरखालीं घट्ट कडें बसवावयाचें, आणि बाहेरच्या पत्र्यास आंतून डॅम्पिंगची चिकट शीट लावून त्याचें खडखडणें थांबवावयाचें. हें काम वेळखाऊ, आणि बाहेरून दिसत नाहीं. म्हणून तेंच टाळलें जातें.

आमच्या आधींच्या मोटारीस दुसऱ्या एका ठिकाणीं याच कामाचा प्रसाद मिळाला होता. दारांत पावसाचें पाणी शिरतेंच. कांचेच्या फटींतून उतरून तें तळाच्या छिद्रांनीं बाहेर पडतें. तें गाडींत येऊं नये म्हणून दाराच्या आवरणाआड प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटविलेला असतो. कारागिरानें तो फाडून फेंकून दिला. आषाढांत पायांखालचा गालिचा भिजला, आणि कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाहीं. तोंवर आमच्या मातोश्री त्या गाडींत बसल्या नाहींत.

या वेळीं आम्ही स्टूल मागून घेऊन समोरच बसलों. पडदा जपून सोडविला, पुन्हां नीट चिकटविला. तारा कापूं दिल्या नाहींत. गाडीच्या जोडास बसणारा कपलर घेतला. भाईंदरची खाडी, मिठागरें आणि उत्तनचा समुद्र यांची खारी हवा येथें बारा महिने. नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडावयास वेळ लागत नाहीं.

इतकें करूनही चूक राहिली. पहिल्याच दिवशीं अप्पा म्हणाले, "अरे, बुवा बसले आहेत कोठें? समोर म्हणून कांहीं वाटत नाहींत." चिरंजीव हंसले, आम्हांस मात्र शंका आली. दोन्ही दारांचे कपलर सोडविले आणि दोन्हीकडे सारख्याच टोंकांस घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर उडाला, उजव्याचा आंत गेला. उजव्याच्या तारा उलट जोडलेल्या! एक ढकलतो तेव्हां दुसरा ओढतो. मग आवाजास ठाव राहात नाहीं आणि खर्जही विरतो. पांच मिनिटांचें काम, पण तें ओळखलें कानास यंत्र असलेल्यानें.

आवाज किती ठेवावा हा वाद अद्याप चालूं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये, मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ ची. चिरंजीव फोनवर मोजून दाखवितात आणि दर वेळीं आपणच बरोबर असल्याचें सांगतात.

परवां पुण्यास निघालों. गायमुखाच्या घाटांत वाहनांची नेहमींची रांग. गाडी उभी, कीर्तन चालूं. अप्पा बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "हे बुवा गातात चांगले, पण शांतीला सांती म्हणतात."