मामांचा झूम, माझा हप्ता

दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. सतरा हजार रुपये गेले, एवढंच त्यात असतं. फ्लॅटचा हप्ता? छे. कारचा? तोही नाही. तो माझ्या कॅमेऱ्याचा हप्ता आहे. मिररलेस, फुल फ्रेम, सोबत ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स. दोन्ही मिळून पाच लाखांच्या आसपास. घरी आईला सांगितलेला आकडा वेगळा आहे आणि तो मी इथे छापणार नाही. आमच्या जळगावातही हा अंक येतो!

तर हा कॅमेरा खांद्याला लावून मी जानेवारीत चार दिवसांची सुट्टी टाकली आणि पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सरळ धुळं गाठलं. मामांकडे. मामा म्हणजे निवृत्त भूगोलाचे मास्तर, मुक्काम देवपूर. गेली दहा-बारा वर्षं ते पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात, वहीत, निळ्या शाईने. सकाळी नकाणे तलावावर, नाहीतर लळिंगच्या बाजूला. त्यांच्याकडेही कॅमेरा आहे. सुपरझूम. म्हणजे लेन्स काढता न येणारा, बटण दाबलं की ‘झुंईऽऽ’ करत हातभर नळी बाहेर काढणारा. आमच्या ऑफिसच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये या कॅमेऱ्याचं नाव काढलं तरी लोक गालातल्या गालात हसतात. खरं सांगायचं तर मीही हसायचो.

माझी बॅग उघडल्याबरोबर मामा म्हणाले, ‘‘काय भो, तोफ लई उना का?’’ मामी आतून ओरडल्या, ‘‘आधी भरीत-भाकरी खाऊन घ्या, मग लढाई करा.’’

आता लढाईच्या आधी दोन्ही पार्ट्यांची थोडी ओळख.

माझा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा. सुपरझूमचा सहा बाय साडेचार, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. क्षेत्रफळात फरक तीसपट! या जातीतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे २०१८ साली आलेला निकॉनचा कूलपिक्स पी १०००. त्याचा झूम १२५ पट, फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते ३००० मिलिमीटर. वजन दीड किलोच्या आत. त्याच कंपनीचा २०२१चा झेड ९ आणि १८०-६०० लेन्स गळ्यात घातली तर साडेतीन किलो. मामांचे गुडघे आणि त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लक्षात घेता हे वजन त्यांच्या कामाचं नाही. पण आपल्या बाजूला तीसपट सेन्सर आहे, म्हणजे मॅच खिशात. मीही असंच धरून चाललो होतो.

पहिला सामना हतनूरला झाला. तापीवरचं धरण, भुसावळपासून जवळ. पुढे चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. आम्ही पोचलो तेव्हा चक्रवाकांची एक जोडी पाण्यापलीकडच्या गाळावर बसली होती. लांब. फारच लांब. मी ६०० वर नेलं. फ्रेममध्ये भरपूर पाणी, भरपूर आकाश आणि मधे दोन केशरी ठिपके. शेजारी झुंईऽऽ झालं. मामांच्या स्क्रीनवर अख्खा पक्षी!

‘‘क्रॉप करीन ना,’’ मी म्हणालो.

रात्री लॅपटॉपवर क्रॉप केलं आणि गणित समजलं. ६०० ची फ्रेम ३००० एवढी दिसायला हवी तर लांबी-रुंदी पाच-पाच पटींनी कापावी लागते. म्हणजे उरतो पंचविसावा भाग. ४५ मेगापिक्सेलमधले राहिले दोनपेक्षाही कमी. तिकडे मामांचे १६ च्या १६ शिल्लक!

पण थांबा, मामांनाही एवढ्यात फेटा बांधू नका. ते १६ पूर्ण खरे नाहीत. पूर्ण झूमला अशा लेन्सचं छिद्र एफ ८ वर येतं. लहान छिद्रातून येताना प्रकाश थोडा पसरतो, त्यामुळे प्रत्येक बिंदूचा एक छोटा गोल ठिपका होतो. डाळीएवढ्या सेन्सरवरचे पिक्सेल इतके बारीक असतात की एक ठिपका सात-आठ पिक्सेल अडवून बसतो. थोडक्यात, १६ मेगापिक्सेलच्या कागदावर चित्र त्याहून खूप कमी तपशिलाचं.

आणि ते तीसपटीचं काय? इथे खरी गंमत आहे. अंगणात पाऊस पडतोय आणि तुम्ही पातेलं ठेवलंय असं समजा. पाणी किती जमेल ते पातेल्याच्या तोंडावर ठरणार, नंतर ते कपात ओतता की वाटीत यावर नाही. लेन्सचंही तसंच. पी १००० ची लेन्स पूर्ण झूमला प्रत्यक्षात ५३९ मिलिमीटरची असते. तिला आठने भागा, तोंड साधारण ६७ मिलिमीटर. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिलिमीटर. क्षेत्रफळात फरक दुपटीचा. म्हणजे दूरच्या त्याच पक्ष्याकडून माझ्या कॅमेऱ्याला मिळणारा प्रकाश तीसपट नाही, फक्त दुप्पट! मोठ्या सेन्सरचा पूर्ण फायदा कधी? पक्षी जवळ असेल, फ्रेम भरत असेल तेव्हा. लांबचा पक्षी, स्वच्छ ऊन आणि स्थिर बसलेला असेल, तर मॅच जवळजवळ बरोबरीत सुटते. पाच लाख विरुद्ध त्याच्या पावभरापेक्षाही कमी. हे गणित सुटलं त्या रात्री मला शेवभाजी तिखट लागली नाही. यावरून काय ते ओळखा.

बाय द वे, अकरानंतर दोघांचीही विकेट पडली. जमीन तापली की हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा हलतो. याला कुठल्याही कंपनीकडे इलाज नाही. जानेवारीत ही गत, मग जळगाव-भुसावळचा मे महिना विचारूच नका. तेव्हा चहाची टपरी शोधावी हे बेस्ट.

दुसऱ्या दिवशी सातपुडा. वन विभागाची परवानगी, सोबत तिथलाच एक वाटाड्या. नेमकी जागा सांगणार नाही, कारण पुढे कळेलच. आम्ही गेलो होतो रानपिंगळ्यासाठी.

या पक्ष्याची गोष्ट प्रत्येक खान्देशी माणसाला माहीत असायला हवी. जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ साली खान्देशात त्याचा नमुना मिळवला. त्यानंतर ११३ वर्षं पक्षी गायब! मधे १९१४ सालचा गुजरातमधला एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागन या बड्या नावाचा. पण संग्रहालयातले नमुने तपासताना पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेच्या लक्षात आलं की ती चोरी आहे. डेव्हिडसनचाच जुना नमुना, वर खोटी चिठ्ठी. तिने ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागांची यादी केली आणि बेन किंग, डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत शोधाला निघाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर सकाळी, झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये.

त्या सकाळी पुरावा काय होता माहितीये? व्हिडिओ आणि फोटो. पक्षी मारून पेटीत ठेवायची गरज पडली नाही. बंदूक आणि चिठ्ठीपेक्षा कॅमेरा जास्त खरं बोलला.

असो. आमच्यापुढे रानपिंगळा आला तो सकाळी साडेआठला, साधारण ४० मीटरवर. चोचीत सरडा. उंची जेमतेम २३ सेंटीमीटर. माझ्या ६०० वर फ्रेमच्या उंचीचा सातवा हिस्सा भरला. मामांच्या ३००० वर दोन तृतीयांश. मी काय केलं असेल? बरोबर. पुढे सरकलो. दहा पावलं. मग आणखी पाच. आवाज न करता, अगदी चॅनेलवर दाखवतात तसा.

पक्षी उडाला नाही. पण काही करेनाही. मान खाली-वर करत माझ्याकडे बघत बसला. सरडा तसाच चोचीत. मला वाटलं, वा, पोझ देतोय! मी फटाफट फ्रेम्स मारत राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे वळलो तर मामांनी कॅमेरा कधीच गळ्यात सोडला होता आणि ते हाताने मला खुणावत होते. मागे ये. चेहऱ्यावर राग. त्यांना इतकं चिडलेलं मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

मी मागे आलो. मामा कुजबुजले, ‘‘वरची ढोली दिसली का? आत कुणीतरी उपाशी बसलंय. तू खाली उभा असेपर्यंत तो तिकडे जाणार नाही.’’

आम्ही आणखी मागे, सागाच्या बुंध्याआड गेलो. चार-पाच मिनिटांत पक्षी झेपावला, ढोलीत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. मी फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही. २०१८ मध्ये या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं गेलं, म्हणजे किंचित बरं चाललंय. त्यातल्या एका घराचा नाश्ता माझ्या हप्त्याने अडवून ठेवला होता.

संध्याकाळी दोघांचे फोटो शेजारी-शेजारी लावले. माझे सुंदर, मान्य. पिसांची कड न् कड मोजा. पण त्या प्रत्येक फोटोत एक घाबरलेला पक्षी आहे हे आता मला दिसतं. मामांचा फोटो थोडा मऊ, सावलीत जरा कणकण. पण नोंदीला लागणारं सगळं त्यात आहे. रानपिंगळा आपल्या नेहमीच्या पिंगळ्यापासून वेगळा ओळखायचा तो डोक्यावरून. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, याचं डोकं जवळजवळ साधं तपकिरी. छातीही भरीव तपकिरी आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. हे तिन्ही मामांना ४० मीटरवरून मिळालं, एक पाऊल न हलता. त्यांनी वहीत तारीख, वेळ, ‘सरडा’ असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

मग माझे पाच लाख पाण्यात? तसंही नाही हं. परतीच्या दिवशी पहाटे नकाणे तलावावर गेलो. उजेड धड नव्हता, सूर्य यायचा होता. एक नदीसुरय मासा घेऊन आमच्या अंगावरूनच गेला. मामांची नळी बिचारी फोकस शोधत पुढे-मागे होत राहिली. माझ्या कॅमेऱ्याने पक्ष्याचा डोळा पकडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. सेकंदाला वीस फ्रेम्स. अर्ध्या अंधारात पंख, मासा, माशाच्या शेपटीवरचा पाण्याचा थेंबही. जवळचा पक्षी, कमी उजेड, वेग. इथे पोस्टाच्या तिकिटाने डाळीला चारी मुंड्या चीत केलं.

मामांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फोटो मोठा करून पाहिला. लहान करून पाहिला. परत मोठा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बारा वर्षं हा पक्षी वहीत लिहितोय. माशासकट असा कधी बघितला नव्हता. याची मोठी कॉपी काढून दे.’’

तर मंडळी, कॅमेरा घ्यायला निघाला असाल तर क्रेडिट कार्ड काढण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. तुमचा पक्षी जवळ येतो की लांब बसतो? तुम्ही उजेडात जाता की पहाटे-संध्याकाळी? आणि साडेतीन किलो घेऊन किती किलोमीटर चालाल, अगदी खरं खरं? उत्तर ‘लांब, उन्हात, थोडंसं’ असेल तर सुपरझूम घ्या आणि ग्रुपमध्ये हसणाऱ्यांना हसू द्या. उत्तर ‘जवळ, अंधुक, उडता’ असेल तर हप्त्याची तयारी ठेवा. आणि मोठा कॅमेरा घेतलातच, तर लेन्स जिथे संपते तिथे थांबायलाही शिका. उरलेलं अंतर पायांनी भरून काढायचं नसतं, निदान ढोलीखाली तरी नाही.

मामांना नदीसुरयची बारा बाय अठराची प्रिंट कुरियर केली. बदल्यात त्यांनी रानपिंगळ्याचा त्यांचा फोटो पाठवला. तो आता ऑफिसमध्ये माझ्या डेस्कवर लावलाय. परवा ग्रुपमधला एकजण बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘भारी आहे यार! तुझ्या नव्या कॅमेऱ्याचा ना?’’

मी खरं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.