माती जिवंत आहे का?

भिवंडीजवळच्या गवताळ माळांवर आता गोदामं उभी राहिली आहेत. मुरूम पडला की गवत जातं, हे दिसतं. पण त्याच्या मुळांवर जगणारे मातीतले जीवाणू आणि बुरशीही उपाशी मरतात. ते दिसतच नाहीत, मग मोजायचे कसे?

१९८७ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी युक्ती सांगितली. एकाच मातीचे दोन सारखे भाग घ्यायचे. एक चोवीस तास क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवायचा. त्यातले जीव मरतात, पेशी फुटतात. मग दोन्ही भाग पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात हलवून, गाळून त्यांतला कार्बन मोजायचा. वाफ दिलेल्या मातीत तो जास्त भरतो. हा जास्तीचा कार्बन जिवांचा! तो सगळा काही बाहेर येत नाही, म्हणून फरकाला बहुधा ०.४५ ने भागतात.

क्लोरोफॉर्म विषारी, तेव्हा घरी नको हं! त्याऐवजी सुती कापडाच्या दोन सारख्या चिंध्या घ्या. टेरिकॉट चालणार नाही. एक गवताखाली, दुसरी उघड्या, कडक जमिनीत वीतभर खोल पुरा. दोन्हीकडे सारखं पाणी घाला. दोन महिन्यांनी उकरून बघा. कुठली जास्त विरली?