तारणहार न होण्याचा हक्क

अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारने ऐन गरजेच्या वेळी आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलं, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं. २०१५चं त्याचं 'ऑलराइट' हे गाणं पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या मोर्च्यांत लोक एका आवाजात म्हणत. २०१७च्या 'डॅम' या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. शास्त्रीय संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. नंतरची पाच वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम आला नाही. त्याच काळात मिनीआपोलिसच्या रस्त्यावर पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, महासाथ आली, अमेरिका आतून उसवली. लोक त्याच्या शब्दाची वाट पाहत होते. आणि १३ मे २०२२ रोजी 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' आला, तो स्वतःच्या बाहेरख्यालीपणाबद्दल, बापाबद्दल, थेरपीबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल. देश पेटलेला असताना हा माणूस स्वतःला कुरवाळत बसला, असा पहिला आक्षेप. दुसरा असा की, हा अल्बम ऐकवत नाही. तिसरा सगळ्यांत जड: ही कबुली खरी नाही, कारण ती देताना त्याने आणखी काही माणसं दुखावली.

पहिल्या आक्षेपात एक गृहीत दडलं आहे. ज्याने एकदा लोकांना गाणं दिलं, त्याने पुढच्या प्रत्येक संकटात लोकांपुढे उभं राहिलंच पाहिजे. हा हट्ट गोऱ्या गायकांकडे कुणी धरत नाही. कॉम्प्टनमध्ये वाढलेल्या काळ्या मुलाकडून मात्र गाण्यासोबत नेतृत्व, नैतिकता, धीर आणि दिशा अशी सगळी वसुली होते. शिवाय वस्तुस्थितीही तशी नाही. २०२०च्या जूनमध्ये कॉम्प्टनच्या शांतता मोर्च्यात तो इतरांसारखा चालला होता. कॅमेऱ्यापुढे भाषण ठोकलं नाही, एवढंच. 'सेव्हियर' या गाण्यात तो स्वतःचं, जे. कोल आणि फ्यूचर या रॅपरांचं आणि बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचं नाव घेऊन सांगतो की, आमच्याकडून काही मिळालं असेल तर घ्या, पण आम्ही तुमचे तारणहार नाही. ही पळवाट असेल तर लोकांचं मोठेपण कायम ठेवणारी पळवाट आहे. चळवळ एका माणसाच्या आवाजावर टेकवली की तो माणूस दमतो, घसरतो किंवा मारला जातो, आणि मागे राहणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही. मार्टिन लूथर किंग आणि माल्कम एक्स या दोघांनाही चाळिशी गाठण्याआधीच मारणाऱ्या देशात ही गोष्ट नव्याने शिकवावी लागू नये.

मग डोक्यावर काटेरी मुकुट कशाला, असा उलट सवाल येतो. अल्बमच्या मुखपृष्ठावर तो मुकुट आहेच, आणि जून २०२२मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मंचावर त्याने हिऱ्यांचा काटेरी मुकुट घालून चेहऱ्यावरून खोट्या रक्ताच्या धारा वाहू दिल्या. पण छायाचित्रकार रेनेल मेद्रानोने काढलेलं ते मुखपृष्ठ पुरतं पाहावं. मुकुट घातलेल्या माणसाच्या कडेवर मुलगी आहे, कमरेला पिस्तूल खोचलेलं आहे, मागे पलंगावर बाळाला घेऊन बसलेली त्याची जोडीदार व्हिटनी आल्फर्ड आहे, आणि हे सगळं एका साध्या खोलीत. देवाच्या कमरेला पिस्तूल नसतं. मुकुट लोकांनी दिलेला. पिस्तूल आणि भीती त्याची स्वतःची. दोन्ही एकाच अंगावर दाखवणाऱ्या चित्राला आत्मप्रौढी म्हणणं मला पटत नाही.

'ऐकवत नाही' या आक्षेपाला विक्रीचे आकडे दाखवून उत्तर देता येईल. पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख ९५ हजार प्रतींएवढा खप झाला, बिलबोर्डच्या यादीत तो पहिला आला, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. पण 'डॅम'चा पहिला आठवडा ६ लाखांच्या वर होता, त्यामुळे आकड्यांच्या जोरावर हा वाद कुणीच जिंकू नये. उत्तर संगीतात शोधायला हवं. अठरा गाणी, नऊ-नऊच्या दोन भागांत. 'युनायटेड इन ग्रीफ'मध्ये ढोल असे अंगावर येतात की बोलणाऱ्याचा श्वास पुरत नाही, आणि ते हेतुपूर्वक आहे: दुःख झाकायला गाड्या-दागिने विकत घेत सुटलेल्या माणसाची ती धाप आहे. अल्बमभर मधूनमधून टॅप डान्सच्या बुटांचा खडखडाट ऐकू येतो. टॅप हा आफ्रिकी आणि आयरिश पावलांच्या मिसळणीतून अमेरिकेत घडलेला नाच. पुढे तो गोऱ्या प्रेक्षकांसमोर काळ्या कलाकाराने हसतमुखाने करून दाखवण्याचा खेळ झाला. 'वी क्राय टुगेदर'मध्ये केंड्रिक आणि अभिनेत्री टेलर पेज एकमेकांना जवळजवळ सहा मिनिटं शिव्या देतात, आणि शेवटी व्हिटनीचा आवाज येतो: मूळ मुद्द्याभोवती टॅप करणं थांबवा. प्रेक्षकांना रिझवणं आणि घरात सत्य टाळणं या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, हे त्या खडखडाटात आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमधल्या केंड्रिकच्या कार्यक्रमात सॅम्युअल एल. जॅक्सन अंकल सॅम होऊन त्याला सभ्यपणे वागायला बजावत होता, त्या कल्पनेचं बीज मला इथेच दिसतं. नाचता येत नाही म्हणून ज्यांनी हा अल्बम बाजूला ठेवला, त्यांना नाचायला लावण्याचीच तर तो चौकशी करतो आहे.

आता जड आक्षेप. 'आँटी डायरीज'मध्ये तो आपल्या कुटुंबातल्या दोन ट्रान्स व्यक्तींबद्दल बोलतो आणि लहानपणी सर्रास वापरलेली समलैंगिकांसाठीची शिवी पुन्हा पुन्हा उच्चारतो. त्यांची जुनी नावं, चुकीची सर्वनामंही येतात. अनेक ट्रान्स श्रोत्यांना ते जखमेवर बोट ठेवल्यासारखं वाटलं. त्यांचं दुखणं खोटं ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण गाण्याचा शेवट पाहावा. २०१८मध्ये अलाबामातल्या एका कार्यक्रमात त्याने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावलं होतं आणि काळ्यांसाठीचा तुच्छतेचा शब्द तिने म्हटल्यावर तिला थांबवलं होतं. गाण्यात नात्यातली व्यक्ती त्याला तोच प्रसंग ऐकवते: ती मुलगी तो शब्द वापरू शकत नसेल, तर तू हा कसा वापरतोस? सवाल त्याला निरुत्तर करतो, आणि गाणं तिथेच संपतं. हा निवाडा त्याने स्वतःवर ओढवून घेतला आहे, तोही जिला दुखावलं तिच्या तोंडून. शिवी गाळून हे गाणं लिहिलं असतं तर ती शिवी त्याच्या जिभेवर किती सहज बसली होती हे कधी कळलंच नसतं.

रॅपर कोडॅक ब्लॅकच्या बाबतीत मात्र आक्षेप टिकतो. २०१६मध्ये त्याच्यावर बलात्काराचा आरोप झाला. २०२१मध्ये हल्ल्याच्या सौम्य गुन्ह्याची कबुली देऊन तो प्रोबेशनवर सुटला. असा माणूस या अल्बममध्ये निवेदक म्हणूनही येतो आणि 'सायलेंट हिल'मध्ये गातोही; आणि त्याच अल्बमच्या शेवटाकडे लैंगिक अत्याचाराच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जखमेचं गाणं आहे. केंड्रिकची बाजू समजते: दुखावलेली माणसंच पुढे दुखावतात, त्यांना घराबाहेर फेकून साखळी तुटत नाही. पण ज्या मुलीने तक्रार केली तिला या घरात जागा नाही. तेच सतरावं गाणं अत्याचार करणाऱ्यांनाही मुक्त करून टाकतं. ही क्षमा देण्याचा अधिकार सोसणाऱ्यांचा. गायकाने तो परस्पर वापरला. इथे अल्बम तोकडा पडतो, आणि तो तसा आहे असं त्याच्या चाहत्यांनी मोकळेपणाने म्हणायला हवं.

हा तोकडेपणा मान्य करूनही ते सतरावं गाणं, 'मदर आय सोबर', या दशकातली थोर कलाकृती आहे असं मी म्हणतो. पियानोचे सावकाश पडणारे सूर, पोर्टिसहेड या बँडच्या बेथ गिबन्सचा विरलेला आवाज, आणि केंड्रिक जवळजवळ कुजबुजत बोलतो. ज्याच्या जिभेच्या वेगावर जग फिदा, त्याने वेग सोडून दिला आहे. पाच वर्षांचा असताना त्याने आईला मार खाताना ऐकलं. मग घरच्यांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं की, नात्यातल्या मुलाने तुला हात लावला का? नाही, असं तो म्हणाला. कुणी विश्वास ठेवला नाही. ते का विश्वास ठेवत नव्हते हे त्याला खूप उशिरा कळलं: शिकागोत आईवरच अत्याचार झाला होता. तिची भीती तिने मुलाच्या अंगावर पाहिली होती. त्या एका प्रश्नापासून तो स्वतःच्या व्यभिचारापर्यंत, आणि तिथून गुलामगिरीत ज्यांच्या देहांवर मालकांचा हक्क होता त्या पूर्वजांपर्यंत जातो. देश पेटलेला असताना हा घरात बसला म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. अमेरिकेचा तो जुना जाळ या घराच्या भिंतींतच तर आहे.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि १९७८मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा दलित समाजातल्याच काही शिकल्यासवरल्यांनी नाराजी दाखवली होती की, वस्तीतली दारू, मारझोड, स्वतःच्या चुका चारचौघांत मांडून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचं? पवारांनी ते लिहिलं म्हणून पुढच्या अनेकांना लिहिता आलं. सोसणाऱ्याने स्वच्छ, निष्कलंक दिसलं तरच त्याचं दुःख खरं, ही अट सोसणाऱ्यावर आणखी एक अन्याय आहे.

राहता राहिला २०२४चा मुद्दा. रॅपर ड्रेकशी झालेल्या भांडणात केंड्रिकने अत्यंत कडवट गाणी सोडली, 'नॉट लाइक अस'ने जग डोक्यावर घेतलं, आणि लोक म्हणू लागले: मग थेरपीचं काय झालं? पण या माणसाने बरं झाल्याचा दावा केला होता कुठे? 'फादर टाइम'मध्ये, बापाने भावना दाबायला शिकवलं त्याच्या गाण्यात, तो सांगून बसला होता की, २०२१च्या अखेरीस रॅपर कान्ये वेस्ट आणि ड्रेक यांनी हातमिळवणी केली तेव्हा आपण गोंधळलो, म्हणजे आपल्याला अजून बरं व्हायचं आहे. दोन वर्षांनी जे उघड्यावर आलं त्याची खूण त्याने आधीच दाखवली होती. उलट त्या भांडणात अल्बमची खरी कसोटी लागली, ती ड्रेकच्या बाजूने. ५ मे २०२४ला आलेल्या 'द हार्ट पार्ट ६'मध्ये ड्रेकने 'मदर आय सोबर'चा हवाला देऊन केंड्रिकवर बालपणी अत्याचार झाला असा अर्थ लावला, आणि केंड्रिकने आपल्यावर केलेल्या आरोपांमागे तेच कारण असल्याचं सुचवून चिडवलं. गाणं सांगतं ते याच्या नेमकं उलट. तो लहान मुलगा 'नाही' म्हणाला होता आणि घरच्यांनी ऐकलं नव्हतं. आता तो छत्तिशीतला, जगभर ऐकला जाणारा माणूस होता, तरी त्याचं 'नाही' ड्रेकनेही ऐकलं नाही. ज्यांनी ते गाणं मन लावून ऐकलं होतं, त्यांना ही चूक पहिल्याच ऐकण्यात कळली.