बारा हजारांचा हिशेब

सिल्वासाला गेलो की मला एका जहाजाची आठवण येते. तसं पाहिलं तर गावाला समुद्र नाही, बंदर नाही. आहे ती आपली दमणगंगा. तरीही हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो एका जहाजापायी. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं, आणि त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी दरसाल बारा हजार रुपये वसुलाची गावं लावून द्यायचं कबूल केलं. तह झाला १७७९ साली पुण्यात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पुढे याच तहाच्या मराठी मजकुराचा कीस पडला. गावं दिली ती मालकीने की नुसत्या वसुलापुरती, हा वाद. १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं, पेशव्यांनी दिला तो वसूल, राज्य नव्हे.

हा माझा आवडता किस्सा. गोव्याचे, महाराष्ट्राचे तरुण १९५४ च्या पावसाळ्यात तिथे कसे घुसले, त्यांत सुधीर फडके कसे होते, २ ऑगस्टला सिल्वासा कसं मोकळं झालं, हे त्याच्या मागोमाग येतंच. परवा मे महिन्यात मामेबहिणीकडे सिल्वासाला गेलो होतो, तेव्हा जेवताना मी तो पुन्हा एकदा सांगितला. घरच्यांनी सवयीने माना डोलावल्या. भाची तेवढी घास हातात धरून थांबली.

"मामा, दरसाल बारा हजार, कायमचे. म्हणजे त्या दिवशी रोख द्यायचे झाले असते तर किती?"

मी गप्प. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"द.सा.द.शे. सहा धरलं तर दोन लाख," ती म्हणाली. "पाच धरलं तर दोन लाख चाळीस हजार."

"पण कायमचे कुठे मिळाले? १९५४ ला बंदच पडले की!" मी आपला गड लढवला.

"त्याने फारसा फरक नाही पडत. पावणेदोनशे वर्षांनंतर मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत जवळजवळ शून्यच असते."

ही मुलगी यंदा बारावी झाली. तिला ॲक्च्युअरी व्हायचंय, आणि आमच्या त्या दोन दिवसांतला बाकीचा सगळा वेळ 'कुठून' या एका प्रश्नात गेला. त्यावर माझं जे मत झालं ते इथे मांडतो आहे, कारण गोव्यातही हा प्रश्न आता घरोघरी येऊ लागलाय. आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी गणितात बरी निघाली की पूर्वी दोनच वाटा दिसत, इंजिनिअर नाहीतर बँक. आता ही तिसरी ऐकू येते.

ॲक्च्युअरी म्हणजे विम्याचं गणित करणारा माणूस. मराठीत विमागणिती म्हणू. अमुक वयाची हजार माणसं असली तर त्यांतली यंदा किती जातील, आज किती हप्ता घेतला तर वीस वर्षांनी सगळ्यांचे दावे चुकते करता येतील, पेन्शनचा निधी पुरेल की आटेल, हे सांगणं त्याचं काम. एडमंड हॅले, तोच धूमकेतूवाला, त्याने १६९३ साली ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोष्टक बांधलं, तिथून या शास्त्राचा पाया मजबूत झाला. आपल्याकडे त्यांची संस्था १९४४ पासून आहे. २००६ च्या कायद्याने ती 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया' झाली. विमाक्षेत्र २००० मध्ये खासगी कंपन्यांना खुलं झालं, आणि प्रत्येक आयुर्विमा कंपनीला नेमलेला ॲक्च्युअरी ठेवणं बंधनकारक झालं. मागणी आहे ती अशी.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पदवी देतं कोण? विद्यापीठ नाही! बी.एस्सी.च्या पदवीपत्रावर 'ॲक्च्युरियल सायन्स' छापलेलं असलं तरी माणूस ॲक्च्युअरी होत नाही. तो होतो इन्स्टिट्यूटचे पेपर एकेक करून सोडवल्यावर. २०१२ पासून त्यासाठी प्रवेशपरीक्षा आहे, ती बारावीनंतर देता येते. ती झाली की विद्यार्थी म्हणून नाव लागतं आणि मग पेपर सुरू. चार्टर्ड अकाउंटंटसारखाच प्रकार म्हणा ना. फेलो होईपर्यंत भल्याभल्यांची बरीच वर्षं जातात. अर्ध्या वाटेवर सोडणारेही पुष्कळ.

हे कळल्यावर भावोजींसमोरची ती कागदांची चळत मला वेगळीच दिसू लागली. भावोजी गेली वीस-बावीस वर्षं सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात आहेत. हळूहळू जमवून त्यांनी एक प्लॉट घेतलाय. चळतीत सगळ्यात वर होतं एका ब्रिटिश विद्यापीठाचं गुळगुळीत पुस्तक. प्लॉट विकून आणि वर कर्ज काढून लेकीला तिथे धाडायची त्यांची तयारी होती. खाली एका खासगी विद्यापीठाचं पत्रक, फी तीही डोळे फिरवणारी. त्याखाली मुंबई आणि पुण्याची संख्याशास्त्राची पदवी. आणि अगदी तळाशी, घरचं म्हणून दुर्लक्षित, सिल्वासातलंच कॉलेज.

सिल्वासाची गंमत अशी की त्या एवढ्याशा गावात राहूनही विद्यापीठ निवडता येतं. एक कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं, तर दुसरं सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाला. आपण गोंयकार याला हसणार नाही. १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत आपली कॉलेजंही मुंबईचीच होती की. माझा थोरला भाऊ शिकला पणजीत, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. लग्नाच्या बोलण्यांत आई 'मुंबईची पदवी' म्हणून सांगायची, खोटं काहीच नव्हतं! पण त्याला गणित आलं ते पणजीतल्या एका सरांमुळे. मुंबईच्या शिक्क्याचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

म्हणून मी भावोजींना माझं मत सांगितलं. ज्या धंद्यात खरी परीक्षा विद्यापीठाबाहेर आहे, तिथे विद्यापीठाच्या नावासाठी जमीन विकू नये. तीन गोष्टी बघाव्यात. एक, संभाव्यताशास्त्र आणि संख्याशास्त्र मन लावून शिकवणारं कोणी तिथे आहे का. दोन, कॉलेज सांभाळून इन्स्टिट्यूटचे पेपर द्यायला वेळ आणि पैसा उरेल का. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, उद्या चार पेपरांनंतर हा नाद सोडावासा वाटला तर ती पदवी एकटीच्या पायावर उभी राहील का. संख्याशास्त्राची राहते. बँक, औषधकंपनी, सरकारी सांख्यिकी खातं, शिक्षकी, दहा दारं उघडी. नुसत्या ॲक्च्युरियल नावाच्या पदवीचं दार मुख्यतः एकच, आणि त्याची किल्ली पुन्हा इन्स्टिट्यूटकडेच.

परदेशी पदवीने सुरुवातीच्या काही पेपरांत सूट मिळते, हे खरं. एडिंबरोचं हेरियट-वॉट किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांचा या विषयात दबदबा आहे, हेही खरं. पण सूट मिळते ती पहिल्या पायऱ्यांवर, शेवटचा चढ सगळ्यांना सारखाच. आणि तिथली सूट इथे जशीच्या तशी चालेल का, हे आधी इन्स्टिट्यूटला लेखी विचारून घ्यावं. पुस्तकाच्या मागच्या पानावर विश्वासू नये.

आणखी एक गोष्ट मी जरा आवाज चढवूनच सांगितली. हे गणित हवेतलं नाही, मातीतलं आहे. एके काळी विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा हप्ता लावत. १८७० साली 'बॉम्बे म्युच्युअल'ने हिंदी माणसाला साध्या दराने विमा दिला, तेव्हा तो भेद मोडायला सुरुवात झाली. पीकविम्याचं घ्या. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसलं तर योजना कोसळेल, म्हणून सारख्या हवामानाचं क्षेत्र हेच एकक धरा, असं १९७६ साली पुण्याच्या वि. म. दांडेकरांनी मांडलं. १९८५ ची देशव्यापी योजना त्याच कल्पनेवर उभी राहिली. खानवेलच्या वारली शेतकऱ्याच्या भाताचं गणित एडिंबरोत शिकवत नाहीत, असं म्हणून मी टाळीची वाट बघत बसलो.

टाळी आली नाही. भाची म्हणाली, "मामा, तुमच्या हिशेबात जोखीम सगळी बाबांची आहे. माझी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"जाऊन फसले तर प्लॉट जाईल, हे तुम्ही धरलंत. न जाऊन जे जाईल ते धरलंच नाही. तुमचेच ते कोसंबी घ्या. हार्वर्डला गेले नसते तर?"

लागलं. दामोदर कोसंबी हे आपल्या गोव्याचं लेणं. जन्म १९०७, कोसबेंचा. शिक्षण हार्वर्डचं. परत येऊन त्यांनी संख्याशास्त्र लावलं ते इथल्या जुन्या नाण्यांच्या वजनांना, आणि त्यातून इतिहास वाचला. माती इथली, पण ती बघायची नजर घासली गेली तिकडे. घरच्या घरी राहून ती घासली गेली असती का, कोण जाणे. आणि मुलगी आहे म्हणून 'जवळच बरी' असं मी मनात कुठेतरी धरून चाललो होतो का? प्रामाणिकपणे सांगतो, थोडंसं असावं. तिच्या जागी भाचा असता तर एडिंबरोबद्दल मी इतका आवाज चढवला असता असं वाटत नाही.

रात्री तिने स्वतःच एक कागद मांडला. आधी प्रवेशपरीक्षा. पदवी संख्याशास्त्राची, पुण्यात, कारण व. शं. हुजूरबाजारांनी १९५३ साली उभा केलेला संख्याशास्त्र विभाग तिथल्या विद्यापीठात आहे आणि पुढे एम.एस्सी. करायची झाली तर दार जवळ. तीन वर्षांत इन्स्टिट्यूटचे किमान चार पेपर. ते निघाले तर परदेशात मास्टर्स, त्यासाठी शिष्यवृत्तीचा प्रयत्न, आणि तेव्हा गरज पडली तर प्लॉट. नाही निघाले तर प्लॉट जागेवर आणि पदवी हातात.

"म्हणजे जायचं नाही असं नाही," ती वडिलांना म्हणाली, "आज जायचं नाही. तोपर्यंत मी चालेन की नाही ते आपल्या दोघांनाही कळेल."

भावोजी बराच वेळ कागद बघत राहिले. मग त्यांनी ते गुळगुळीत पुस्तक कपाटात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. माझं मत निम्मं राहिलं आणि निम्मं बदललं: नावासाठी जमीन विकू नये हे कायम, पण मुलीला थांबवायचं असेल तर किती दिवस आणि कशासाठी, हे तिच्यासमोर आकड्यांत मांडता आलं पाहिजे.

निघताना वापीच्या स्टेशनवर तिने विचारलं, "मामा, पेशव्यांनी ते दोन लाख रोख का नाही दिले हो?"

नसतील त्यांच्याकडे, म्हटलं. बहुतेक बापांकडे नसतात.