साहेबाचा देश नक्की कुठला?

आधीच सांगून ठेवतो, हा लेख भूगोलाचा नाही. भूगोल मी दहावीनंतर सोडला आणि भूगोलानेही सुटकेचा नि:श्वास टाकला. पण मे महिन्यात माझा मावसभाऊ ग्लासगोहून घरी आला होता. आमरस ओरपता ओरपता त्याने जो किस्सा सांगितला, तो काही केल्या डोक्यातून जाईना. इकडे मासिकाचे संपादक लेखासाठी रूमवर चकरा मारतच होते. म्हटलं चला, हेच लिहू.

दादा तिकडे एम.एस्सी.ला गेला तेव्हाची गोष्ट. पहिलाच डिसेंबर. कॉलेज बंद, कॅन्टीन बंद, दुपारी चारच्या आत अंधार, आणि हा पठ्ठ्या खोलीवर एकटाच मॅगी खात बसलेला. (इंजिनिअर कुठेही गेला तरी मॅगी त्याला सोडत नाही.) गाईड मॅडमना हे कळलं तसं त्यांनी त्याला ख्रिसमसच्या जेवणाला घरी बोलावलं. घरात मॅडमची ऐंशीच्या घरातली आई, मुलगी, जावई, नातवंडं असा सगळा गोतावळा. जेवण झाल्यावर प्रत्येकाने आभाराचे दोन शब्द बोलायचे अशी त्या घरची पद्धत होती. आमचा दादा म्हणजे गॅदरिंगचा जुना निवेदक! उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "इंग्रज माणूस तुसडा असतो असं मी भारतात ऐकून आलो होतो. पण आज इथे, इंग्लंडमध्ये, मला माझं घर सापडलं. सगळ्यांचे मनापासून आभार."

टाळ्या नाहीत. कुणी चमचाही वाजवेना. मग आजीबाईच म्हणाल्या, "बाळा, इंग्रजांबद्दल तू ऐकलंस ते अगदी बरोबर आहे. फक्त तू अजून इंग्लंडला गेलेला नाहीस!"

मग जो हशा पिकला तो पुडिंग येईपर्यंत. आता इथे थांबला असता तर तो दादा कसला? सारवासारव करायला तो जावयाकडे वळला. जावई बेलफास्टचे. "मग तुम्ही नक्की कोण? ब्रिटिश की आयरिश?" या वेळी मात्र कुणी हसलं नाही. जावई शांतपणे म्हणाले, "मला विचारशील तर एक उत्तर मिळेल, माझ्या सख्ख्या भावाला विचारशील तर दुसरं."

आता नाइलाजाने थोडा भूगोल. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स ज्या मोठ्या बेटावर आहेत ते ग्रेट ब्रिटन. त्यात शेजारच्या बेटाचा वरचा तुकडा, म्हणजे उत्तर आयर्लंड मिळवला की होतं युनायटेड किंग्डम. त्या शेजारच्या बेटाचा उरलेला मोठा भाग म्हणजे आयर्लंड, हा पूर्णपणे वेगळा देश. १९२२ साली तो बाहेर पडला आणि १९४९ साली उरलासुरला संबंध तोडून प्रजासत्ताक झाला. 'आयल ऑफ मॅन' नावाचं बेट मधोमध समुद्रात आहे, ते राजाचं आहे पण यू.के.मध्ये नाही. का, ते विचारू नका, मलाही दादाने तीनदा समजावलं. बरं, 'यू.के.चा रहिवासी' यासाठी इंग्रजीत धड शब्दच नाही! म्हणून 'ब्रिटिश' म्हणायचं. म्हणजे बेलफास्टचा माणूस ब्रिटन बेटावर राहत नाही, तरी कागदोपत्री ब्रिटिश. त्यांच्या झेंड्यात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांचे क्रॉस आहेत, वेल्सचं काहीच नाही. आणि क्रिकेट बोर्डाचं पूर्ण नाव 'इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड' असलं तरी ते लिहितात ई.सी.बी. वेल्सवाले बिचारे लघुरूपातसुद्धा बसले नाहीत.

आपण मात्र हे सगळं एका पोत्यात भरतो आणि वर चिठ्ठी लावतो, 'इंग्रज'.

जरा आपल्याच पुस्तकांकडे बघा की. थर्मोमधली रँकिन सायकल ज्याच्या नावाने आहे तो रँकिन एडिंबरोचा. मॅक्सवेलही तिथलाच. जेम्स वॅट ग्रीनॉकचा, म्हणजे हे तिघं स्कॉटिश. ज्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणाने आपल्या कित्येक पिढ्यांना के.टी. बहाल केली त्यातला स्टोक्स आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला. रेनॉल्ड्स जन्मला बेलफास्टला, वाढला इंग्लंडात. फ्युएल सेलवाला ग्रोव्ह वेल्सचा, स्वान्सीचा. लॉर्ड केल्विन तर जन्माने बेलफास्टचा, कर्माने ग्लासगोचा. 'केल्विन' हे त्याचं खरं आडनावही नाही, ते ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव! (दादा म्हणतो, जानेवारीत त्या नदीकाठी उभं राहिलं की ॲब्सोल्यूट झीरोची कल्पना आपोआप येते.) आणि आपण ओरलला बिनधास्त ठोकून देतो, "सर, ही वॉज अॅन इंग्लिश सायंटिस्ट." सरही मान डोलावतात. न्यूटन, फॅरडे, ज्यूल हे खरेखुरे इंग्लिश. बाकीच्यांचं बघून बोलायला हवं.

क्रिकेटमध्ये तर धमालच आहे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा इंग्लंडचा कॅप्टन होता डग्लस जार्डिन. घराणं स्कॉटिश, आणि जन्म कुठला म्हणाल तर आपल्या मुंबईचा! १९७२-७३ मध्ये वाडेकरांच्या टीमने ज्यांना २-१ असं हरवलं त्यांचा कॅप्टन टोनी लुईस स्वान्सीचा. १९७४ ला लॉर्ड्सवर आपण ४२ ऑल आऊट झालो (आमचे बाबा आजही हा विषय निघाला की टी.व्ही.चा आवाज वाढवतात), तेव्हा समोरचा कॅप्टन माइक डेनेस स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. आणि २०१९ चा वर्ल्ड कप इंग्लंडला जिंकून देणारा ऑइन मॉर्गन चक्क डब्लिनचा!

हे सगळं मी मेसमध्ये ऐकवत होतो तर आमचा रूम पार्टनर उखडला. म्हणाला, "अरे, दीडशे वर्षं डोक्यावर बसले. त्यांनी कधी विचारलं का तू कोकणी की वऱ्हाडी? सगळ्यांना 'नेटिव्ह' म्हणून मोकळे. मग आपण का त्यांची पोटजात विचारत बसायचं?"

मुद्दा बिनतोड वाटतो. टेबलावर सगळे त्याच्याच बाजूने झाले. पण मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण त्याला वाटतं त्याच्या अगदी उलटं आहे. नाव नीट घेतलं तर हिशेबही नीट लागतो. खडकीच्या लढाईच्या वेळी, १८१७ साली, पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो स्कॉटिश. पुढे हाच मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, तोही स्कॉटिश. आज ग्लासगोत एखादा म्हणतो, "राज्य केलं ते इंग्रजांनी, आम्ही तर बिचारे स्कॉट." आपणही सगळ्यांना 'इंग्रज' म्हणून त्याला आयती पळवाट देतो! दादाने म्हणे आजीबाईंना एल्फिन्स्टनचं सांगितलं, तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "हे मात्र आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही." आणि जाता जाता, ब्रिटिश सोल्जर मायदेशाला लाडाने 'ब्लाइटी' म्हणायचे. तो शब्द आपल्याच 'विलायती'वरून गेलाय. म्हणजे त्यांच्या घराचं लाडकं नावसुद्धा आपल्याकडून उसनं!

आता सुट्ट्या. (हा भाग कुणी वगळणार नाही याची खात्री आहे.) जगात डझनावारी देश ब्रिटिशांपासून सुटल्याचा दिवस साजरा करतात, सुट्टी घेतात, झेंडे लावतात. खुद्द यू.के.ला मात्र असा अधिकृत राष्ट्रीय दिवसच नाही! सुटणार कुणापासून? सुट्ट्यांचा हिशेबही एकसारखा नाही. सर्वसाधारण वर्षी इंग्लंड-वेल्सला ८ बँक हॉलिडे, स्कॉटलंडला ९, उत्तर आयर्लंडला १०. स्कॉटलंडमध्ये २ जानेवारीलाही सुट्टी, कारण ३१ डिसेंबरची उतरायला एक दिवस पुरत नाही असं दादाचं संशोधन. या बँक हॉलिडेचा कायदा १८७१ साली जॉन लबक नावाच्या खासदाराने आणला. धंद्याने बँकर, छंद मुंग्यांच्या अभ्यासाचा. लोक इतके खूश झाले की त्या सुट्टीला 'सेंट लबक'चा दिवस म्हणायला लागले. सुट्टी देणाऱ्याला संत म्हणणारे लोक मला तरी आपल्यातलेच वाटतात.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीचा बॉक्सिंग डे घ्या. मेलबर्नच्या कसोटीमुळे आपल्याला नाव पाठ, आणि मी बारावीपर्यंत समजत होतो की त्या दिवशी तिकडे मुष्टियुद्ध होतं. तर तसं काही नाही. वर्षभर राबणाऱ्या नोकरचाकरांना, सामान आणून देणाऱ्यांना त्या दिवशी पैशाचा किंवा भेटीचा 'बॉक्स' द्यायची जुनी पद्धत होती. आपली दिवाळीची पोस्त, दुसरं काय! अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग मात्र ब्रिटनमध्ये नाही. १६२० साली प्लिमथहून जहाज भरून जी माणसं अमेरिकेला निघून गेली त्यांचा तो सण. मागे राहिलेल्यांनी कशाबद्दल आभार मानायचे, यावर तिथे बरेच विनोद होतात.

पण आजीबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. स्कॉटलंडमध्ये ख्रिसमसला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली! तिथल्या चर्चला हा सण शतकानुशतकं नामंजूर होता. आजीबाईंच्या लहानपणी त्यांचे वडील २५ डिसेंबरला डबा घेऊन कामावर जायचे. ज्या जेवणाचे आभार मानताना दादा 'इंग्लंड' म्हणाला, ते जेवण म्हणजे त्या बाईंनी अर्धं बालपण ज्याची वाट बघितली ती सुट्टी होती. म्हणून मला वाटतं, माणसाचे आभार मानायचे असतील तर निदान त्याचं नाव तरी त्याला हवं तसं घ्यावं.

बेलफास्टची गोष्ट याहून अवघड. तिथे १२ जुलैला सुट्टी असते, १६९० साली प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजाला हरवलं त्या लढाईची. एका गल्लीत बँड आणि मिरवणूक, दुसऱ्या गल्लीत दारं-खिडक्या बंद, नाहीतर माणसं सरळ गाव सोडून सुट्टीवर. तू ब्रिटिश की आयरिश, या एका प्रश्नापायी तिथे तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात शेवटी लिहावं लागलं की उत्तर आयर्लंडमधल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणायचं, ब्रिटिश म्हणायचं की दोन्ही, हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि दोन्ही सरकारांनी ते मानायचं. पासपोर्टसुद्धा दोन्ही काढता येतात. आपल्या दादाने जो प्रश्न पुडिंग खाता खाता विचारला, तो हा.

जावई मात्र मोठ्या मनाचे. निघताना त्यांनी दादाला गाडीने खोलीवर सोडलं आणि वाटेत विचारलं, "तू इंडियन म्हणतोस स्वतःला, पण तुझी मॅडम म्हणते तू फोनवर घरी वेगळ्याच भाषेत बोलतोस." दादाने त्यांना मराठी, महाराष्ट्र, मग विदर्भ आणि मग थेट आमच्या तालुक्यापर्यंत सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते म्हणे.

मी हे सगळं मावशीलाही समजावून सांगितलं. अगदी कागदावर नकाशा काढून. तिने "हो का!" म्हणून मान डोलावली, आणि दिवाळीत कुरियरच्या डब्यावर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'मुक्काम ग्लासगो, लंडन, इंग्लंड'. डबा बरोबर पोचला. चकल्यांचा मात्र भुगा झाला होता.