आंदोलन पेटते कशाने?



हंगाम तोंडावर आला की भावाचे आंदोलन येते आणि ठरलेले वाक्य कानावर पडते, "पुढारी चिथावतात, शेतकरी बळी पडतो." वीस वर्षे तुमच्या बांधावर हिंडलो, मला हे पटत नाही. पुढारी मागाहून येतो. आधी बिघडतो तो जमाखर्च.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाचा भाव चढला होता. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. सरकारने फेरमोजणी करून सारा मात्र वाढविला. कर्ज फिटेना, आणि रोख्यात काय लिहिले आहे ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येईना.

नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये व कांद्याला रास्त भाव मागून रस्ते आणि रेल्वे अडविली. १९८१ साली निपाणीचा तंबाखू उत्पादक उठला. ही सगळी विकायची पिके. खत, औषध रोखीने घ्यायचे आणि मालाचा भाव दुसऱ्याने ठरवायचा, तिथेच ठिणगी पडते. दुष्काळात माणूस गाव सोडतो. भावात मार खाल्ला की रस्त्यावर येतो.

साखरेचा बाजार कारखान्याच्या हाती नाही, खताचा तर नाहीच. पण हिशेब आपल्या हाती आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. तसेच कपात कशाची झाली, हेही सभासदाला कळले पाहिजे.

गेल्या हंगामात एका सभासदाने गट ऑफिसात बिल पुढे केले. "साहेब, यात काय काय कापलंय तेवढं सांगा." त्यातल्या दोन कपाती मलाच उलगडेनात. तो काही बोलला नाही, बिल घडी करून खिशात घातले आणि निघून गेला. आंदोलन इथून सुरू होते, मोर्चातून नव्हे.

म्हणून माझे मत असे, की दर पंधरवड्याला वजन, उतारा आणि कपाती गट ऑफिसाच्या फळ्यावर लागाव्यात. आम्ही नोकरांनी त्या समजावून सांगाव्यात आणि तुम्ही न लाजता विचाराव्यात. आपलाच माणूस बिल न वाचता सही करू लागला, तर सावकाराच्या वहीत आणि आपल्या वहीत फरक तो काय राहिला?

— ऊस विकास अधिकारी