पाच ते पंधरा : मोजणीतून सुटलेली दहा वर्षे



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पथक घरी येते, तेव्हा पाच वर्षांखालच्या बाळाचे वजन होते, उंची घेतली जाते; २०१९-२१ च्या फेरीपर्यंत बोटाला सुई टोचून रक्तक्षयही तपासला जाई. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचेही तेच होते. त्याच खोलीत दप्तर उघडून बसलेल्या नऊ वर्षांच्या बहिणीचे मात्र ना वजन होत, ना रक्त घेतले जात. पाचवे वर्ष ओलांडले की मूल या मोजणीतून नाहीसे होते आणि दहा वर्षांनी पुन्हा उगवते. देशातल्या या सर्वात मोठ्या आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रे मुंबईतून, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून हलतात. तरीही महाराष्ट्रात या पोकळीबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

मूल पुन्हा उगवते तेव्हाचे चित्र भयंकर असते. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा रक्तक्षय पंधराव्या वाढदिवशी सुरू झाला, असे कोणी म्हणणार नाही. त्याची मुळे नेमकी त्या न मोजलेल्या वर्षांत आहेत.

मधले वय कधीच मोजले गेले नाही असे नाही. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात जन्मापासून १९ वर्षांपर्यंतची एक लाखाहून अधिक मुले होती. रक्त बोटातून नव्हे, शिरेतून घेतले होते. त्यात १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुलींना आणि १८ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. वयोगट वेगळा, रक्त घेण्याची रीत वेगळी, म्हणून हे आकडे आधीच्या ५९ टक्क्यांशेजारी ठेवून भांडता येत नाही. पण रीत बदलली की आकडाही हलू शकतो, याची जाणीव त्यातून होते. त्याहून धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. शाळकरी वयाच्या दर दहांतल्या एका मुलाच्या रक्तात मधुमेहाची पूर्वखूण दिसली. एकीकडे बारीक अंगाची, रक्त कमी असलेली मुले आणि दुसरीकडे कोवळ्या वयात वाढती साखर! असे सर्वेक्षण दर तीन-चार वर्षांनी, त्याच पद्धतीने व्हायला हवे. एका फेरीतून छायाचित्र मिळते, दिशा कळत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, की शाळांमध्ये आरोग्य तपासणी होतेच की. होते, आणि ती चांगली योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. हृदयाला छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली मुले शोधून शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याचे काम या पथकांचे आहे, त्याला नाक मुरडू नये. पण दात, डोळे, कान, त्वचा पाहण्याच्या रांगेत मुलाची वेळ मिनिटा-दोन मिनिटांची. रात्री झोप लागते का, वर्गात कोणी छळते का, पाळीच्या दिवसांत शाळेतले शौचालय वापरता येते का, सकाळी काही खाऊन आलीस का, हे त्या रांगेत विचारता येत नाही. विचारले तरी शेजारी गुरुजी उभे असताना मूल ‘काही नाही’ एवढेच म्हणणार.

मनाच्या आरोग्याबाबत तर आपण मुले गेल्यावरच मोजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या १,७६४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. हा आकडा देशात सर्वाधिक होता. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले ते १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. २०२२ च्या सुरुवातीला एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता सांगितली. मोठे काम होते. पण तेव्हा मुले करोनानंतर नुकती वर्गात परतत होती. हे प्रमाण एरवी किती असते, हे एका फेरीतून कसे समजणार?

युरोपात हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सोडवायला घेतला गेला. इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी १९८२ मध्ये सुरू केलेला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने वाढलेला अभ्यास आज दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना वर्गातच, नाव न लिहिता प्रश्न विचारतो. समाजमाध्यमांच्या आहारी गेलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मधल्या ७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ११ टक्के झाले, हे त्या देशांना ठामपणे सांगता येते, कारण तोच प्रश्न दोन्ही वेळा विचारला होता. आपल्याकडे मोबाइलवरून घरोघरी वाद झडतात, पण ते अंदाजाने.

आइसलँडचे उदाहरण सर्वात बोलके. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारूची झिंग अनुभवल्याचे लिहिले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. यामागे खेळ-छंदांसाठीचे अनुदान, रात्री उशिरा बाहेर राहण्यावरची बंधने, पालकांचे करार असे बरेच काही आहे. मात्र निर्णय जवळून झाले, कारण सर्वेक्षणाचे निष्कर्ष थोड्याच आठवड्यांत त्या-त्या शाळेकडे आणि नगरपालिकेकडे परत जात. चार लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, त्याचे इथे काय, असे कोणी म्हणेल. मग तालुका धरावा.

आपल्याकडे ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २००५ पासून दाखवून दिले आहे, की पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, एवढा साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर शिक्षणावरची चर्चा बदलते. आरोग्याबाबत असा प्रश्न नसल्यामुळे निर्णय कसेही होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. दोन्ही वेळा भांडण अंड्यावरून झाले, मुलांच्या रक्तावरून नाही.

एक धोका खरा आहे. २०२१ मध्ये स्कॉटलंडमधल्या अशाच सर्वेक्षणात मोठ्या विद्यार्थ्यांना लैंगिक अनुभवांबद्दल विचारले गेले आणि उत्तरांना विद्यार्थ्याचा क्रमांक जोडलेला होता. गदारोळ झाला, अनेक स्थानिक परिषदांनी अंग काढून घेतले. इथे विद्यार्थ्यांचे ‘सरल’ आणि ‘अपार’ ओळखक्रमांक हाताशी असताना तोच मोह कोणाही अधिकाऱ्याला होईल. तो टाळला नाही, तर मुले खरे लिहिणार नाहीत आणि त्यांनी तसे लिहूही नये. आत्महत्येबद्दल विचारले तर नको ते डोक्यात येईल, ही भीती मात्र संशोधनाने खोटी ठरवली आहे. फक्त विचारणाऱ्याने मदतीचा पत्ताही सोबत द्यायला हवा.

तेव्हा मागणी सरळ आहे. राज्याने दर तीन वर्षांनी निवडक शाळांमधून, आश्रमशाळा आणि महापालिका शाळा धरून, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांची उंची, वजन, रक्त मोजावे आणि निनावी प्रश्नावली भरून घ्यावी. हे काम शिक्षकांच्या मोबाइलवर आणखी एक लिंक पाठवून उरकू नये. अशैक्षणिक कामांनी ते आधीच पिचले आहेत. देवनारची संस्था मुंबईतच आहे, प्रशिक्षित माणसे तिच्याकडून घ्यावीत. मेळघाटात प्रश्न कोरकूत असावेत, नंदुरबारला भिलीत, गडचिरोलीत गोंडी आणि माडियात. अहवाल मंत्रालयात जाण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पडावा. आणि पहिली फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावी. दिवाळीच्या सुमारास बीडची ऊसतोड कुटुंबे मुलांसकट कारखान्यांकडे निघतात; त्यानंतर केलेल्या मोजणीत, जी मुले सर्वात आधी दिसायला हवीत, तीच वर्गात नसतील.

– एक वाचक